ओरिजिनल कुठंय?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नाशिकला, कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत. दोन मशीन, एक लॅमिनेशन, एक स्पायरल बाइंडिंग आणि एक मी. शिक्षण बीएस्सी, बॉटनी मेन आणि झूलॉजी सोबतीला. पुढं एमएस्सीला नंबर लागला नाही, घरातूनही कोणी फार आग्रह केला नाही, मग वडिलांच्या पीएफच्या पैशातून पहिलं मशीन सेकंडहँड घेतलं, त्याला आता 19 वर्षं होतील. तर जीवशास्त्र माझ्या डोक्यातून कधी पूर्ण गेलंच नाही, फक्त आता ते दोन रुपये पानानं माझ्या हाताखालून जातं एवढंच.

फेब्रुवारीत बोर्डाच्या आधी दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो. त्यात एका संध्याकाळी दहावीच्या दोन पोरी विज्ञान भाग 2 च्या नोट्स घेऊन आल्या. एक मोबाईलमध्ये, दुसरी माझ्या काउंटरवर कोपर टेकून त्याच नोट्स वाचत होती, म्हणजे मी एकेक पान मशीनवर ठेवणार आणि ही पुढचं पान माझ्या हातातून घेऊन वाचणार, असं चाललेलं. अलैंगिक प्रजनन. द्विविभाजन, बहुविभाजन, कलिकायन, खंडीभवन, पुनर्जनन, मुकुलायन, सगळं पाठ होतं तिला. आणि मधेच मान वर करून मैत्रिणीला म्हणाली, "पण ए, अमीबाचे दोन अमीबा झाले ना, मग मूळचा अमीबा कुठं गेला?"

"मेला असेल," मैत्रीण मोबाईलमधूनच.

"मग त्याची डेडबॉडी कुठंय?"

मैत्रीण गप्प. मग पोरगी माझ्याकडं वळली. "काका, तुम्हाला माहितीये?"

मी बीएस्सी बॉटनी. मी म्हणलं, "14 पानं बॅक टू बॅक, 28 रुपये."

त्या गेल्या आणि मला रात्रभर चैन नाही. कारण प्रश्न एकदम माझ्या धंद्यातला होता. दिवसातून पन्नास वेळा मी हेच वाक्य बोलतो, "ओरिजिनल कुठंय? ओरिजिनल घेतलं का? ओरिजिनल मशीनमध्येच राहिलं बघा." झेरॉक्सच्या धंद्याचा सगळा पायाच हा की एक ओरिजिनल असतं आणि बाकीच्या त्याच्या प्रती. तलाठी असो की बँक असो, खिडकीपलीकडचा माणूस एकच विचारतो, ओरिजिनल आणलंय का. नातेवाईक पण तेच करतात, पोरगं जन्माला आलं की "अगदी बापाची झेरॉक्स आहे", म्हणजे बाप ओरिजिनल, पोरगं कॉपी, आईनं काय नुसती टोनर भरली की काय कोण जाणे.

अमीबाकडं हा हिशोबच चालत नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये अमीबा आम्हाला जिवंत असा कधी दिसलाच नाही, तीन वर्षं तीच एक कायमची स्लाईड, गुलाबी डाग पडलेली, आणि सर म्हणायचे समजा हा अमीबा आहे. पण पुस्तकातून जे कळतं ते असं, की विभाजनाची वेळ आली की तो आपले ते इकडंतिकडं पसरलेले छद्मपाद, म्हणजे खोटे पाय, आत ओढून घेतो, गोलसर होतो, आधी केंद्रकाचे दोन भाग होतात, ते दोन्ही टोकांना सरकतात, मग मधोमध कंबर बारीक होत होत तुटते. संपलं. दोन अमीबा, दोघंही सारखेच, दोघांपैकी आई कोण आणि पोर कोण हे सांगायला काही खूण नाही. युरोपात 1755 साली रोझेल फॉन रोझेनहोफ नावाच्या माणसानं हा प्राणी पहिल्यांदा नीट बघून चितारला, तेव्हापासून लोक त्याच्याकडं डोळे लावून बसलेत. आणि 1880 च्या दशकात ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञानं नेमका त्या पोरीचाच प्रश्न मांडला होता, की जिथं प्रेत नाही तिथं मरण कसं म्हणायचं? त्याचं म्हणणं होतं की एकपेशीय जीवांना म्हातारपणाचं मरण नाहीच, मरतात ते अपघातानं, कोणीतरी खाल्लं, पाणी आटलं, असं. मरण ही आपल्यासारख्या बहुपेशीय लोकांची भानगड.

म्हणजे दहावीतल्या पोरीनं काउंटरवर उभं राहून वाइसमानला गाठलं आणि मी तिला 28 रुपये सांगितले.

याच्याही आत एक पायरी गेलं की अजून मजा. पेशी विभागायच्या आधी डीएनएची प्रत निघते, आणि ती प्रत आमच्या मशीनसारखी निघत नाही. आमच्यात ओरिजिनल काचेवर राहतं आणि खालून नवा कागद बाहेर येतो. डीएनएच्या शिडीला दोन पट्ट्या असतात, त्या चेनसारख्या उघडतात, आणि प्रत्येक जुन्या पट्टीसमोर एक नवी पट्टी तयार होते. 1958 मध्ये मेसेल्सन आणि स्टाल या दोघांनी बॅक्टेरिया आधी जड नायट्रोजनवर वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर टाकले, आणि एका पिढीनंतर बघितलं तर सगळा डीएनए अर्धा जड, अर्धा हलका. म्हणजे जणू मी तुमचं सर्टिफिकेट घेतलं, कागद उभा सोलून त्याचे दोन पातळ कागद केले, आणि दोघांचीही गेलेली बाजू नव्यानं भरून तुमच्या हातात दोन सर्टिफिकेटं ठेवली. आता सांगा ओरिजिनल कुठलं. तलाठ्याला सांगून बघा.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हे आहे की मूळ अमीबा कुठंच गेला नाही आणि तरी तो आता कुठं एका जागी नाही. दोन ओरिजिनल, झेरॉक्स शून्य. पण हे बोर्डाच्या पेपरात लिहिलं तर मार्क किती मिळतील सांगता येत नाही.

पण पुस्तकात ही सगळी नावं एकाखाली एक लिहिलीत ना, त्यामुळं असं वाटतं की हे सगळं एकाच प्रकारचं काम आहे, फक्त नावं वेगळी. तसं नाहीये. यीस्ट घ्या. नाशिकला यीस्टची ओळख करून द्यायची गरज नाही, गंगापूर रोडनं जरा बाहेर पडलं की द्राक्षाच्या रसाची वाईन करायला हीच मंडळी कामाला लावलेली असतात, आणि सकाळी मिसळीसोबत जो पाव येतो तो पण यांनीच फुगवलेला. तर यीस्ट अमीबासारखं मधोमध फाटत नाही. त्याच्या अंगावर एक छोटा फुगवटा येतो, तो मोठा होतो, त्यात केंद्रकाचा एक वाटा जातो, आणि मग तो फुगवटा तुटून वेगळा होतो. आणि इथं मात्र आई कोण ते स्पष्ट कळतं! मोठी ती आई, छोटी ती लेक. शिवाय लेक तुटली की आईच्या अंगावर त्या जागी एक गोल वण राहतो, कायटिन म्हणून जो पदार्थ असतो त्याचा, आणि त्या जागेवर पुन्हा कळी येत नाही. योग्य रंग दिला तर सूक्ष्मदर्शकाखाली ते वण मोजता येतात, म्हणजे या बाईला किती लेकरं झाली ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. आणि ती थकते. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी 1959 मध्ये एकेक पेशी वेगळी धरून, प्रत्येक लेक बाजूला काढत काढत मोजलं, तर दिसलं की साधारण वीस-पंचवीस कळ्या झाल्या की आई थांबते आणि मरते. लेक मात्र जवळजवळ शून्यापासून सुरुवात करते, कारण आईच्या पेशीत साठलेला बिघडलेला माल बराचसा आई स्वतःकडंच ठेवून घेते, लेकीला जाऊ देत नाही. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ थांबलो होतो. आपल्याकडं कुठल्याही घरात हे दृश्य बघायला मिळतं, फक्त ते कायटिनमध्ये नसतं.

(1959 म्हणजे आमच्या धंद्यातलं पण मोठं साल. ऑफिसात ठेवता येईल असं, साध्या कागदावर प्रत काढणारं पहिलं झेरॉक्स मशीन, ते 914, त्याच वर्षी बाजारात आलं. एकाच साली एकीकडं मशीन आलं आणि दुसरीकडं कळलं की प्रती काढून काढून मशीन झिजतं.)

मग हायड्रा. गोड्या पाण्यातला, काडीएवढासुद्धा नाही असा, वरती हातांचा झुबका. हा तिसराच प्रकार. याच्या अंगाला खालच्या बाजूला कळी येते, तिला तोंड फुटतं, हात फुटतात, दोन-तीन दिवसांत पोर सुटून चालू लागतं, आणि आई आहे तशीच. वण नाही, थकवा नाही. एकानं चार वर्षं हायड्रा पाळून बघितले आणि 1998 मध्ये सांगितलं, म्हातारपणाचं काही लक्षणच दिसेना. याच हायड्राचे 1740 च्या सुमाराला हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेम्बली नावाच्या शिकवणीच्या मास्तरानं तुकडे केले होते, ही वनस्पती आहे की प्राणी एवढंच त्याला बघायचं होतं, त्याला वाटलं प्राणी असेल तर मरेल. तुकडे मेले नाहीत, प्रत्येकाचा नवा हायड्रा झाला. मास्तर एका सरदाराच्या दोन पोरांना शिकवायला ठेवलेला, पगारी माणूस, आणि सगळ्या युरोपच्या विद्वानांची झोप त्यानं उडवली. मला शिकवणीवाल्या लोकांबद्दल तेव्हापासून आदर आहे, माझं निम्मं गिऱ्हाईक तेच आहेत हा भाग वेगळा.

स्पायरोगायरा या शेवाळाचं खंडीभवन, म्हणजे तुकडे पडून नवं होणं, आणि पानफुटीच्या पानाच्या कडेला येणारी रोपं हे सगळ्यांना माहितीच आहे, पानफुटी तर माझ्या दुकानाच्या पायरीशी एका रिकाम्या टोनरच्या डब्यात आहे, एकदा पान पडलं होतं, आता डब्यात जागा नाही.

घरात याहून जुना कारखाना चालतो तो विरजणाचा. आमच्या घरातलं विरजण आईनं लग्नानंतर शेजारच्या काकूंकडून आणलेलं, तेच चालू होतं. रोज रात्री कोमट दुधात चमचाभर, त्या चमच्यात कोट्यवधी बॅक्टेरिया, ऊब चांगली असली की अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट, सकाळपर्यंत दही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचं गार वारं सुटलं की दही लागत नाही, म्हणून आई पातेलं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायची. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे आठ दिवस कोकणात गेलो आणि आल्यावर बघतो तर विरजण बुरशी येऊन गेलेलं. आईचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कोणी गेलं. मग काकूंच्या सुनेकडून वाटीभर आणलं, तेव्हा ती सून म्हणाली, "अहो हे तुमचंच आहे, मागच्या हिवाळ्यात आमचं बिघडलं तेव्हा तुमच्याकडूनच नेलं होतं." आता यात ओरिजिनल कोणाचं? त्यांनी दिलेलं, आमचं झालेलं, त्यांच्याकडं गेलेलं, परत आलेलं. बॅकअप म्हणतो ना आपण, ते बायका वाट्या-वाट्यांनी कायम ठेवत आल्या आहेत.

आता माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगतो, आणि खरं तर एवढं सगळं लिहायचं कारण हेच आहे.

झेरॉक्सची झेरॉक्स कधी काढू नये. पोरं ऐकत नाहीत. एका टॉपरच्या नोट्स असतात, त्याची झेरॉक्स दहा जण नेतात, त्या दहातल्या एकाची पुढच्या वर्षी पन्नास जण नेतात, त्यातल्या एकाची तिसऱ्या वर्षी माझ्याकडं येते, तोपर्यंत कडेचे शब्द गेलेले, ओळींवर काळे ठिपके, आणि मधून एक उभी बारीक रेघ. ती रेघ कुठून येते माहितीये? मशीनच्या ड्रमला ओरखडा पडला की त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर ती रेघ उमटते. आणि त्या कागदाची दुसरीकडं झेरॉक्स काढली तर तिकडचं मशीन कितीही नवं असो, रेघ तशीच येते, वर त्या मशीनचे स्वतःचे दोन ठिपके वाढतात. ठिपके वाढतात, कमी कधीच होत नाहीत. मशीनला काय माहिती, अनुस्वार कुठला आणि टोनरचा डाग कुठला.

हर्मन म्युलर नावाच्या शास्त्रज्ञानं 1964 मध्ये अलैंगिक प्रजननाबद्दल नेमकं हेच मांडलं. त्याला नंतर म्युलरचा रॅचेट असं नाव पडलं. गॅरेजमधला रॅचेट पाना कसा एकाच दिशेनं फिरतो, उलटा येत नाही, तसं. प्रत काढताना चूक होतेच. चूक अगदी कमी होते, म्हणजे ई. कोलाय बॅक्टेरियाची डीएनएची पोथी साधारण 46 लाख अक्षरांची, आणि ती सगळी उतरवताना शेकडो प्रतींमागे एखादं अक्षर चुकतं, माझं मशीन जन्मात असं करू शकणार नाही. पण पिढ्या पण लाखो असतात. आणि एकदा चूक शिरली की पुढच्या सगळ्या प्रतींत ती जाणार. लोकसंख्या छोटी असेल, आणि एकेक करून स्वच्छ प्रती नशिबानं संपल्या, तर परत स्वच्छ प्रत आणायची कुठून?

यावर उपाय काय? आमच्या दुकानातला उपाय सांगतो. एक पोरगा येतो, त्याच्या सेटमधलं पान 3 खराब. दुसरा येतो, त्याचं पान 3 चांगलं पण 7 गेलेलं. मी काय करतो, दोन्ही सेट घेतो, याचं 7 आणि त्याचं 3 असं निवडून एक चांगला सेट लावतो आणि त्याची प्रत दोघांना देतो. दोन बिघडलेल्या सेटमधून एक धड सेट. लैंगिक प्रजनन म्हणजे मला तरी हेच दिसतं, बाकी मोर, पिसारा, बँडबाजा, पत्रिका हा सगळा वरचा खर्च. फरक एवढाच की निसर्ग पानं निवडत नाही, नुसती पिसतो, काही सेट चांगले लागतात काही वाईट, आणि वाईट लागलेले पुढं टिकत नाहीत.

आणि हे साध्या जीवांनाही माहिती आहे. यीस्ट, हायड्रा, ज्वारीवर येतो तो मावा, हे बरेचसे दिवस प्रतीच काढत बसतात. मावा तर इतका घाईचा की मादी नराशिवाय जिवंत पिल्लं घालते आणि त्या जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू असते, म्हणजे आजी, आई आणि नात एकाच अंगात. पण थंड देशात हिवाळा तोंडावर आला की त्यांच्यात नर जन्मतात, आणि अंडी घातली जातात. दिवस बरे असले की झेरॉक्स, दिवस फिरले की पानांची अदलाबदल. बॅक्टेरियासुद्धा विभाजनापलीकडं जाऊन एकमेकांना जनुकांचे तुकडे देतात हे लेडरबर्ग आणि टेटम यांनी 1946 मध्ये दाखवलं. म्हणून मला "साधे सजीव" हा शब्दच पटत नाही. साधे आपण, आपल्याला एकच पद्धत येते.

आता द्राक्ष. हे नाशिककराला टाळून चालत नाही.

माझा मेव्हणा, आम्ही त्याला बापू म्हणतो, दिंडोरीकडं तीन एकर बाग करतो. थॉमसन. या थॉमसनला बी नसतं, म्हणजे बी धरायला लागतं आणि आतल्या आतच राहून जातं. बी नाही म्हणजे स्वतःहून वंश पुढं न्यायची सोय नाही, माणसानं काडी कापून लावली तरच. कॅलिफोर्नियात 1870 च्या दशकात विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसानं ही जात लावून नावारूपाला आणली, पण वेल त्याच्या कितीतरी आधीचा, पश्चिम आशियाकडचा, तिकडं सुलताना म्हणतात. एक वेल कुठंतरी कधीतरी बिनबियांचा निघाला, कोणाला तरी तो गोड लागला, काडी कापली, लावली, त्याची काडी, त्याची काडी, करत करत दिंडोरी. ओरिजिनल वेल कधी आणि कुठं मेला कोणाला पत्ता नाही. की मेलाच नाही? पोरीचा प्रश्न इथंही लागू. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश ही आपल्याकडची सगळी नावाजलेली मंडळी पण थॉमसनच्याच बागेत एखाद्या फांदीत आपोआप बदल होऊन निघालेली, म्हणजे प्रत काढताना पडलेले ठिपकेच ते, फक्त ते ठिपके शेतकऱ्याला आवडले. त्याची पण काडी कापली. प्रत्येक ठिपका वाईटच असतो असं मी वर लिहिलं असेल तर ते मागं घेतो.

वेलाचं मूळ मात्र थॉमसनचं नसतं. आधी डॉगरीजचा जंगली खुंट लावतात, कमी पाणी आणि खारं पाणी सोसणारा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर डोळाकाडी घेऊन पाचर कलम करतात. म्हणजे जमिनीखाली एका अमेरिकन वेलाची झेरॉक्स आणि वरती एका आशियाई वेलाची झेरॉक्स, मधे प्लॅस्टिकची पट्टी. आमच्याकडं याला बाइंडिंग म्हणतात.

अशा बागेत उभं राहिलं तर डोळ्याला लागतं ते हे, की ओळीच्या ओळी सगळ्या सारख्या, एकाच दिवशी पोंगा म्हणजे कोवळी फूट, एकाच आठवड्यात फुलोरा, घड एकसारखे, व्यापाऱ्याला हेच पाहिजे असतं. आणि हीच भीती पण असते. दोन वर्षांपूर्वी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली, घड नुकते दिसायला लागलेले, आणि पाऊस. तीन दिवस. बापूचा फोन आला, "दाजी, येऊन जा एकदा." गेलो. पानाच्या वर तेलकट डाग आणि पान उलटं केलं की खाली पांढरी कापसासारखी बुरशी. डावणी. तिला बुरशी म्हणायची पद्धत आहे, शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, पण फवारणी करणाऱ्या माणसाला त्याचं काय. तर ती पांढरी जी दिसते ना, तो तिचा प्रती काढायचा कारखाना असतो. ओल्या रात्री पानाखाली देठ उभे राहतात, त्यांच्या टोकाला बीजाणूंच्या पिशव्या, त्या वाऱ्यानं शेजारच्या पानावर पडतात, पानावर पाण्याचा थर असला की पिशवी फुटून आतून पोहणारे बीजाणू निघतात, शेपट्या असलेले, ते पोहत पोहत पानाच्या छिद्राशी जातात आणि आत. हवा तिच्या मनासारखी असली की आठवड्याच्या आत तिथून पुढचा माल तयार. नर नाही, मादी नाही, नुसतं पाणी पाहिजे.

म्हणजे त्या तीन एकरात दोन झेरॉक्स मशीनं समोरासमोर उभी होती. एक वेलाची, वर्षाला एक पान काढणारी, तीही माणसानं कात्री लावली तर. दुसरी डावणीची, रात्रीत हजारो. आणि वेल सगळे एकसारखे, म्हणजे एका वेलाचा पेपर फुटला की सगळ्या बागेचा पेपर फुटला. पेपरफुटी कशाला म्हणतात हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. सगळ्या सेंटरवर एकच प्रश्नपत्रिका असेल तर चोराला एकदाच कष्ट.

बापूनं फवारण्या केल्या, किती त्याचा हिशोब त्यानं मला सांगितला नाही, मी विचारला नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पण मारलं, ज्याची गोष्ट अशी की फ्रान्समधे बोर्डोकडं रस्त्याकडच्या वेलांवर लोक ते निळं पाणी शिंपडायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलांवर डावणी नाही. 1885 मध्ये त्यानं ते जाहीर केलं. मी बापूला ही गोष्ट बांधावर उभं राहून सांगितली. तो म्हणाला, "दाजी, तुमचं बरं आहे, तुमचे कागद सडत नाहीत." निम्मे घड गेले त्या वर्षी.

परत येताना मी सायखेड्यावरून आलो, वाकडी वाट होती पण तिकडं एकाचे पैसे यायचे होते. पुलाला पाणवेली, म्हणजे जलपर्णी, अडकलेल्या. नुसती हिरवी गादी, गोदावरी कुठं दिसेना. ही पण दक्षिण अमेरिकेची, हिच्या बुडाला आडवा धावरा फुटतो, टोकाला नवं रोप, तो तुटला की दोन, चांगल्या दिवसात दोनेक आठवड्यात दुप्पट. बी पण येतं तिला, पण वाट कोण बघतो. काढायला गेलं की तुकडे पडतात, आणि तुकडा म्हणजे परत रोप. खाली नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला लोक लांबून येतात, निम्मे फोटो पाणवेलीतल्या पाणकोंबड्यांचे. त्या पुलावर उभं राहून मला एकदम वाटलं की बापूच्या बागेत कॉपी होणं हा दुबळेपणा होता आणि इथं तीच गोष्ट दादागिरी आहे. फरक फक्त कोणी हिला गाठलंय का नाही एवढाच.

एक गोष्ट राहिली, ती सांगितल्याशिवाय मला करमणार नाही. जगातली पहिली झेरॉक्स 22 ऑक्टोबर 1938 ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याच्या मदतनीसानं काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, तो रुमालानं घासून त्यात वीज भरली, वरती तारीख आणि जागेचं नाव लिहिलेली काच ठेवून उजेड पाडला, आणि मग अक्षरं दिसावीत म्हणून वरून पूड भुरभुरली. तेव्हा टोनर कुठं होती? ती पूड होती लायकोपोडियमची. बॉटनीवाल्यांना माहिती असेल, नेच्यांच्या लांबच्या नात्यातली छोटी वनस्पती, तिचे ते बीजाणू. म्युकर बुरशीचे बीजाणू वेगळे आणि हे वेगळे, हे मला माहिती आहे, सर नाराज होऊ नका. पण माणसानं काढलेल्या पहिल्या झेरॉक्सची शाई बीजाणूंची होती, आणि हे मला बीएस्सीच्या तीन वर्षांत एकानंही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर निदान दुकान टाकताना थोडं बरं वाटलं असतं.

पोरगी परत आली बोर्डाच्या दोन दिवस आधी. या वेळी एकटीच, भूमितीच्या प्रश्नपत्रिका घेऊन. मी म्हणलं, "बाळा, तो अमीबाचा प्रश्न तू विचारला होतास ना." आणि सगळं सांगितलं, दोन ओरिजिनल, सोललेला कागद, यीस्टच्या अंगावरचे वण, वाइसमान. मागं रांग लागलेली, एकजण "भाऊ, आधार कार्ड दोन्ही बाजू" म्हणून हात पुढं करून उभा. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "पण काका, मग पेपरात काय लिहू?"

"पेपरात लिही, अमीबाचे दोन नवजात पेशींत विभाजन होते."

"नवजात दोन्ही?"

"पुस्तकात तसंच आहे."

"म्हणजे जुना कोणीच नाही."

मागचा माणूस परत "भाऊ" म्हणाला. मी तिच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा स्टेपल करून दिला, तिनं पैसे ठेवले आणि सायकल काढून गेली. आधार कार्डासाठी मशीनचं झाकण उघडलं तर काचेवर तिचं शेवटचं पान, भूमितीचं, कडेला पेन्सिलनं काहीतरी मोजलेलं. मी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या ड्रॉवरमध्ये एक जातीचा दाखला, दोन मार्कशीट आणि बापूचा सातबारा पण आहे.